कृष्णाकाठचा जुना वाडा : पुराचे पाणी अडवावे की येऊ द्यावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठी आमचा एक दुमजली वाडा आहे. घरातील कागदपत्रांवरून तो किमान एकशे सत्तर वर्षांपूर्वीचा असावा. चार फूट उंचीचे घडीव दगडाचे जोते, त्यावर दाराच्या उंचीपर्यंत पक्क्या विटा आणि चुना, आणि त्याहून वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचे (उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे) बांधकाम अशी त्याची रचना आहे. भिंती अडीच फूट जाडीच्या असून खांब सागवानी आहेत, ते दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे आहेत. मध्ये फरसबंद चौक आहे. सध्या वाड्यात माझे आईवडील राहतात. मी नोकरीनिमित्त कराडला असतो आणि दर आठवड्याला गावी जातो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, ज्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, आमच्या माजघरात साडेपाच फूट पाणी चढले आणि ते सहा दिवस राहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा चार फूट पाणी आले. त्या वेळी नदी लवकर उतरली, मात्र चौकातील अडीच फूट पाणी पुढे दोन दिवस तसेच साचून राहिले होते आणि ते आम्हाला पंप लावून काढावे लागले.

२०१९ च्या पुरानंतर आम्ही एका ठेकेदाराकडून जुना चुन्याचा गिलावा काढून आतून सहा फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. चौकही त्यानेच काँक्रीट ओतून सपाट केला. त्यानंतर दोन वर्षांतच सिमेंट जिथे संपते त्याच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे पाणी कधी पोहोचलेच नव्हते अशा भेंड्यांच्या भागात, ओल दिसू लागली. तिथे लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला आहे, पोपडे सुटतात आणि रोज सकाळी खाली मूठभर माती पडलेली असते. परसदाराकडील भिंतीच्या कोपऱ्यात २०२१ नंतर एक तिरपा तडा गेला आहे, त्यात आता रुपयाचे नाणे उभे जाते. सोप्यातील दोन खांबांचे बुंधे बोट दाबल्यास आत जातात.

आता दुसऱ्या एका ठेकेदाराने सुचवले आहे की वाड्याभोवती दहा फूट उंचीची काँक्रीटची भिंत घालावी, आतून जलरोधक रंग द्यावा आणि मुरमाचा तीन फूट भराव टाकून जमीन उंच करून वर नवी फरशी बसवावी. पुण्यातील माझ्या बंधूंचे मत आहे की हे सर्व करण्यापेक्षा वाडा उतरवून खांबांवर उंच घर बांधावे. मला वाडा राखायचा आहे, परंतु केवळ जिव्हाळ्यापोटी आईवडिलांचा जीव धोक्यात घालणे मला मान्य नाही. पाणी बाहेर ठेवणे शक्य आहे का, सिमेंट काढता येईल का, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी हाताशी असलेल्या चार महिन्यांत काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरात मोडी कागदांच्या दोन पेट्याही आहेत. त्यांचे काय करावे हेही विचारायचे आहे.

वास्तुजतन_पुणे

आपण दिलेली मापे आणि निरीक्षणे इतकी नेमकी आहेत की स्थळ न पाहताही बरेच काही सांगता येते. तरीही तड्याबाबत अंतिम निर्णय घेण्यापूर्वी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याला एकदा प्रत्यक्ष दाखवावे, हे प्रथम नमूद करतो.

प्रथम पाणी बाहेर ठेवण्याविषयी. साचलेल्या पाण्याचा भिंतीवरील रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाणी दुप्पट चढले की रेटा चौपट होतो. दहा फूट लांबीच्या भिंतीवर एकाच बाजूने चार फूट पाणी असेल तर तिला सुमारे सव्वादोन टनांचा रेटा सोसावा लागतो आणि साडेपाच फुटांना तोच सव्वाचार टनांच्या आसपास जातो. विटा, चुना आणि माती यांची भिंत उभे वजन शतकानुशतके पेलते. आडवा रेटा पेलण्यासाठी तिची घडण झालेली नसते. म्हणूनच दारे-खिडक्या बंद करून पाणी अडवण्याचा उपाय जगभर साधारण तीन फुटांपर्यंतच सुरक्षित मानला जातो. २०१९ मध्ये आपला वाडा वाचला, त्याचे एक कारण असे की पाणी आत शिरले आणि दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी राहिली. आपल्या परिसरातील जुन्या लोकांना हे ठाऊक होते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी उत्तरेकडून आत येते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. उत्सवमूर्ती वर हलवली जाते आणि वास्तू पाण्याखाली राहून पुन्हा बाहेर येते. पाण्याला यायला आणि जायला वाट ठेवणे हे त्या बांधणीतच गृहीत आहे.

दहा फुटी काँक्रीटच्या भिंतीचे गणित याहून कठीण आहे. दहा फूट पाणी चढले तर तिच्या प्रत्येक दहा फूट लांबीवर चौदा टनांहून अधिक रेटा येईल. तिचा पाया त्या मानाने खोल आणि रुंद लागेल आणि तो खणताना वाड्याच्या जोत्याखालची माती सैल होईल. एवढे करूनही पाणी जमिनीखालून आणि गटारांतून आत येतेच, ते उपसण्यासाठी पूर असेपर्यंत पंप अखंड चालावा लागेल, आणि वीज तर सर्वांत आधी जाते.

आता सिमेंटविषयी, कारण आपल्या वाड्याचे सध्याचे बहुतेक दुखणे तिथे आहे. अडीच फूट जाडीची भिंत भिजल्यावर वाळायला फार काळ लागतो. जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबाने आपल्या तीस इंची भिंतीला अडीच वर्षे लागली असती आणि दोन पुरांमधले अंतर तर तेवीसच महिन्यांचे होते. म्हणजे दुसरा पूर आला तेव्हा भिंतीच्या गाभ्यात पहिल्या पुराची ओल शिल्लक असण्याची पुष्कळ शक्यता आहे. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल वाफेच्या रूपाने हळूहळू निघून गेली असती. सिमेंटच्या दाट थराने ती वाट बंद केली, तेव्हा ओल भिंतीच्या आतून वर चढली आणि सिमेंट जिथे संपते तिथे, नेमकी सर्वांत नाजूक अशा भेंड्यांमधून, बाहेर पडू लागली. पाण्यात विरघळलेले क्षार तिथे पृष्ठभागाजवळ सुकतात, त्यांचे स्फटिक होताना फुगतात आणि मातीचा कण अन् कण सुटा करतात. रोज सकाळी पडणारी मूठभर माती ती हीच. सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात, ते यात भर घालतात. जलरोधक रंग दिल्यास हीच क्रिया आणखी वर, पहिल्या मजल्याच्या तुळयांच्या टोकांपर्यंत जाईल आणि तिथे लाकूड कुजू लागले तर ते बाहेरून दिसणारही नाही. म्हणून तो रंग कृपया देऊ नका.

सिमेंट काढता येते, पण ते धसमुसळेपणाने काढू नये. लाकडी हातोडीने ठोकत जावे. जिथे पोकळ, बदबद आवाज येतो तिथून सुरुवात करून लहान छिन्नीने कडेकडेने सोडवत न्यावे. यंत्राचा कंपन-हातोडा अजिबात लावू नये. जिथे सिमेंट विटेला घट्ट धरून आहे आणि काढताना विटेचे तोंडच निघते आहे तिथे थांबावे. तो तुकडा वर्षभराने आपोआप सैल होण्याची शक्यता असते. एका वेळी एकच भिंत घ्यावी. भिंत उघडी झाली की लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून, सुपलीत गोळा करून घराबाहेर लांब टाकावा. तो पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. त्यानंतर हा पूर्ण उन्हाळा आणि पुढचा पावसाळाही भिंत आतून उघडीच राहू द्यावी. दिसायला ते बरे दिसणार नाही, पाहुणे विचारतील, पण तिला श्वास घ्यायला एवढा अवधी लागणारच आहे.

मुरमाच्या भरावाबद्दल माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. भरावाने खांबांचे बुंधे गाडले जातील, आणि लाकूड जमिनीपासून उंच ठेवण्यासाठी ज्याने तळखडे बसवले त्या सुताराची सगळी दक्षता वाया जाईल. शिवाय चकचकीत फरशीखाली अडकलेली ओल कडेच्या भिंतींकडे वळते. जुनी दगडी फरशी असेल तर ती तशीच ठेवून सांधे चुन्याने भरावेत. कुजलेल्या दोन खांबांना मात्र याच महिन्यात टेकू द्यावेत. बुंध्याचा फक्त कुजलेला भाग कापून तिथे जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. पूर्ण खांब बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

विजेचे फलक आणि बटणे पूररेषेच्या वर घेऊन तारा छतातून खाली आणाव्यात, हे काम एका आठवड्याचे आहे आणि ते सर्वांत आधी करावे.

पूरमापक

मी जलसंपदा खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि जुन्या वास्तूंचा तज्ज्ञ नाही. तथापि वरील उत्तरात न आलेली एक बाब मला महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या परसदाराच्या तड्याशी निगडित असावी.

पूर चढताना जेवढी घरे पडतात त्याहून अधिक तो उतरताना पडतात, हे आमच्या भागात प्रत्येक महापुरानंतर दिसते. पाणी चढलेले असते तेव्हा आतील आणि बाहेरील पाणी भिंतीला दोन्हीकडून आधार देत असते. नदी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार जातो, पण आत साचलेले पाणी आणि जोत्यातील भिजलेला भराव मात्र तसाच जड राहून भिंतीला बाहेर ढकलत राहतो. भिजलेल्या मातीची ताकद त्या वेळी सर्वांत कमी असते. मातीच्या धरणांमध्येही जलाशय एकदम रिता करणे याच कारणाने टाळतात.

आपण लिहिले आहे की २०२१ मध्ये नदी उतरल्यावरही चौकात अडीच फूट पाणी दोन दिवस होते, २०१९ नंतर ठेकेदाराने चौकात काँक्रीट ओतले होते, आणि तडा २०२१ नंतरच दिसला. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. एवढ्या जुन्या वाड्याच्या चौकाला पाणी जाण्याची दगडी मोरी नसेल हे संभवत नाही. माझा अंदाज असा की ती परसदाराकडे निघत असावी आणि काँक्रीटखाली बुजली असावी. मोरीचे तोंड बाहेरून, जोत्याच्या तळाशी शोधावे. ते सापडले आणि मोकळे झाले तर पुढच्या पुरात आतील पाणी नदीबरोबरच उतरेल. पंप लावायचाच झाला तर बाहेरची पातळी उतरल्यानंतर, दिवसाला दोन-तीन फुटांपेक्षा जास्त पाणी काढू नये.

तड्याच्या दोन्ही बाजूंना जोडून काचेची पातळ पट्टी चुन्याच्या गिलाव्यात बसवावी आणि तिच्यावर तारीख घालावी. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे असे समजावे. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, म्हणून किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय तडा कायमचा भरू नये. पागोळ्यांचे पाणी त्या कोपऱ्यात पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर न्यावे.

जिवाच्या सुरक्षिततेविषयी आपण विचारलेच आहे, म्हणून सांगतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासूनचे अंतर पाहता आपला वाडा निळ्या रेषेच्या आत असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास तो उतरवल्यावर त्याच जागी नवे बांधकाम करण्यास परवानगी मिळणे अवघड जाईल, हे आपल्या बंधूंनी निर्णयापूर्वी तपासून घ्यावे. आणि वाडा राखला तरी पुराच्या दिवसांत त्यात कोणी राहू नये. पाणी उतरल्यावरही भिंती ठोकून, तडे पाहून खात्री होईपर्यंत निदान आठवडाभर आत झोपू नये. माझ्या पाहण्यात आलेल्या दुर्घटना त्याच आठवड्यातल्या होत्या.

एक साधे काम करावे. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा वाड्याच्या भिंतीवर पक्क्या कोरून ठेवाव्यात आणि आयर्विन पुलाजवळची पातळी किती फुटांवर असताना आपल्या कोणत्या पायरीला पाणी लागले याचा तक्ता करावा. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे व रोजची पातळी जाहीर होत असते. आपले गाव सांगलीच्या वर असल्यामुळे भिलवडीच्या पुलाजवळचा आकडाही सोबत लिहावा, तो आपल्याला अधिक जवळचा आहे. असा तक्ता असला की सामान कधी हलवायचे हे अफवांवर ठरत नाही.

चुनाघाणी_वाई

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम चालत आले आहे आणि गेली पंधरा वर्षे मी फक्त चुन्याचे काम करतो. वास्तुजतन यांनी सिमेंट काढण्याची जी रीत सांगितली ती योग्य आहे. मी त्यापुढचे सांगतो.

मार्च ते मे या काळात चुन्याचा गिलावा करू नये. आपल्याकडच्या उन्हात तो धरण्याआधीच वाळतो आणि त्याला केसासारख्या चिरा जातात. दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. तोपर्यंत चुना तयार करायला घ्यावा. बाजारात पिशवीत मिळणारी पांढरी भुकटी किंवा कारखान्यातून येणारा कार्बाइडचा चुना घेऊ नये. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) आणून ती हौदात पाण्याखाली विरवावी आणि निदान एक महिना, जमल्यास तीन महिने, पाण्याखालीच मुरू द्यावी. एक भाग मुरलेला चुना आणि अडीच ते तीन भाग मध्यम जाड, धुतलेली वाळू असे प्रमाण आम्ही धरतो. आपल्याकडे पाणी पुन्हा येणार हे धरून चालायचे असल्यामुळे खालच्या चार फुटांत वाळूचा अर्धा भाग कमी करून तेवढी सुर्खी (विटांची भुकटी) घालावी. सुर्खी कमी भाजलेल्या, नरम विटांची असावी. खरपूस भाजलेल्या विटांची भुकटी फक्त रंग देते, धरत नाही. सुर्खी घातलेला चुना ओलीतही धरतो, नुसता चुना हवेवर अवलंबून असतो, म्हणून घाट, हौद आणि विहिरींच्या कामात जुने लोक ती घालत असत. गूळ आणि हिरड्याचे पाणी हे आम्ही घालतो, मात्र प्रमाण चुकले तर गिलाव्याला बुरशी येते, तेव्हा अनुभवी माणूस नसेल तर ते घालू नये.

भेंड्यांच्या भागाला चुनासुद्धा थेट लावू नये. तिथे आधी पांढरी माती, बारीक भुसा आणि शेण यांचा लिंपणाचा थर, तो पूर्ण वाळल्यावर वरून चुन्याचा पातळ हात, असा क्रम ठेवावा. नरम वस्तूवर कडक थर बसत नाही. सिमेंटच्या बाबतीत जे झाले ते कमी प्रमाणात चुन्याच्या बाबतीतही होऊ शकते.

पुराचा विचार करून बांधणे म्हणजे काय हे पाहायचे असेल तर आपण एकदा वाईला यावे. गणपती घाटावर गणपतराव रास्ते यांनी इ. स. १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत सरळ नाही. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे ती माशासारखी निमुळती केली आहे, त्यामुळे कृष्णेचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. माझे आजोबा मला त्या भिंतीजवळ उभे करून दगडांचे सांधे दाखवत असत. आपल्या वाड्याचे जोतेही घडीव दगडाचे आहे. त्याच्या दरजा आता तपासा, आणि जिथे चुना धुपून सांधा बोटभर खोल गेला असेल तिथे सुर्खीच्या चुन्याने दरजा भरून घ्या. हे एक काम सावली आणि ओले गोणपाट ठेवून उन्हाळ्यातही करता येते आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ते व्हायला हवे.

पोथी_चिपळूण

आपल्या दोन पेट्यांसाठी लिहितो आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, त्यानंतर एका जुन्या ग्रंथसंग्रहातील भिजलेली पुस्तके वाचवण्याच्या कामात मी तीन आठवडे होतो. त्या कामात आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या आपल्याकडून होऊ नयेत अशी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आम्ही ओले गठ्ठे घाईने उघडले. भिजलेला कागद स्वतःचे वजनही पेलत नाही, पाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि ओढली की अक्षरांसह सोलून निघतात. दुसरी चूक, कागद भर उन्हात पसरले. ते वेडेवाकडे आकसले आणि ठिसूळ झाले. पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे घाई होणे स्वाभाविक होते, परंतु त्यावर खरा उपाय कागद गोठवण्याचा आहे. ओले गठ्ठे न उघडता, मेणकागदात लहान लहान बांधून खोल गोठवणाऱ्या शीतपेटीत ठेवले की बुरशी थांबते आणि महिनोन्‌महिने अवधी मिळतो. मग जमतील तेवढेच बाहेर काढून, टीपकागद घालून, सावलीत वाळवावेत. गावात आइस्क्रीमचा किंवा मासळीचा व्यापारी असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके चिखलात गेली, तेव्हा ही सोय हाताशी नव्हती आणि तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांमध्ये पुस्तके वाळवावी लागली. आज आपण जी पद्धत वापरतो ती पुष्कळशी त्या अनुभवातून घडली.

मोडी कागदांवर बहुधा काजळीची शाई असते. ती उन्हाने विटत नाही, पण ओली असताना बोटाने पुसली जाते. शिक्के आणि मुद्रांकांचे रंग त्याहून लवकर पसरतात. म्हणून चिखल धुण्याचा मोह आवरावा. कागद वाळल्यावर चिखल मऊ कुंचल्याने निघतो.

परंतु हे सारे पाणी लागल्यानंतरचे झाले. पेट्या आजच वरच्या मजल्यावर न्या, आणि सिमेंट काढल्यावर तिथल्या भिंतींनाही ओल येत असेल तर भिंतीपासून हातभर दूर, पाटांवर ठेवा. प्रत्येक कागदाचे छायाचित्र याच उन्हाळ्यात काढून घ्या आणि त्याची एक प्रत पुण्याच्या बंधूंकडे ठेवा. पेट्या लोखंडी असतील तर कागद गंजापासून वाचवण्यासाठी धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशव्यांत कायमचे बांधून ठेवू नका, आतील दमटपणाने बुरशी येते; मात्र पूर येणार असे दिसताच त्या चार दिवसांपुरते प्लास्टिक जरूर वापरावे.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते कळवतो.

पूरमापक यांचा अंदाज खरा ठरला. परसदाराकडे जोत्याच्या तळाशी कडुलिंबाच्या मुळांजवळ खणले तेव्हा घडीव दगडाचे, साधारण वीतभर रुंद आणि दीड वीत उंच असे मोरीचे तोंड सापडले. आतून चौकातील काँक्रीट त्या रेषेत फोडल्यावर दगडी नाली पूर्ण शाबूत निघाली. तिच्यात काँक्रीटचा राडारोडा आणि दोन पुरांचा गाळ भरलेला होता. ती स्वच्छ करून चौकात पाण्याचे चार पिंप ओतले आणि सगळे पाणी परसदारी निघून गेले. ते पाहताना वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. लहानपणी ते याच नालीत कागदाच्या होड्या सोडत असत असे त्यांनी सांगितले. २०१९ मध्ये काम चालू होते तेव्हा ते रुग्णालयात होते आणि आमच्यापैकी कोणालाही ही नाली ठाऊक नव्हती. तडा नेमका मोरीच्या तोंडापासून चार फुटांवर आहे. त्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत.

माजघराच्या एका भिंतीवरील सिमेंट काढून झाले आहे. ठोकल्यावर तीन-चतुर्थांश भाग पोकळच निघाला. खाली विटा अक्षरशः ओल्या आहेत, हात लावला की गार लागतात. खांबांना टेकू दिले आहेत आणि विजेचे फलक वर घेतले आहेत. बंधू येऊन सर्व पाहून गेले. वाडा उतरवण्याचा विषय त्यांनी पुढील दिवाळीपर्यंत बाजूला ठेवला आहे आणि कागदांची छायाचित्रे काढण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. आईवडिलांनी आयर्विन पुलाजवळ ३८ फूट पाणी झाले की कराडला यायचे, असे आमच्यात ठरले आहे.

एक प्रश्न उरतो. मोरीच्या बाहेरच्या तोंडाला जाळी बसवावी का? पूर चढताना तिथूनच पाणी, साप आणि कचरा आत येईल अशी आईला भीती वाटते. गावातील एकाने पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप सुचवली आहे.

पूरमापक

झडप नको. तिच्यामुळे पाणी चढताना बाहेरचे आत येणार नाही आणि बाहेरचा रेटा एकाच बाजूने वाढत राहील. शेवटी पाणी दारातून एकदम आत येईल, आणि ते अधिक वाईट. शिवाय गाळाने झडप अर्धवट अडकली तर पुन्हा २०२१ चीच स्थिती येईल. पाणी आत येण्याची सर्वांत सावकाश आणि म्हणून सर्वांत सुरक्षित वाट तीच मोरी आहे, असे समजून ती उघडी ठेवावी.

चुनाघाणी_वाई

जाळी बसवावी, परंतु ती चौकटीत कायमची गाडू नये. मोरीच्या तोंडाच्या दगडात दोन्ही बाजूंना उभ्या खाचा आहेत का ते पाहा. आमच्याकडच्या काही वाड्यांत तशा आहेत आणि त्यांत पूर्वी लाकडी गजांची खिडकी वरून सरकवत असत. खाचा असतील तर त्याच मापाची सागवानी चौकट करून तिला बोटभर अंतराने पितळी गज लावावेत, म्हणजे ती उचलून गाळ काढता येईल. लोखंडी गज गंजून फुगतात आणि दगडाला तडा देतात. खाचा नसतील तर दगडाला छिद्र पाडू नका. मला मोरीच्या तोंडाचे माप आणि समोरून काढलेले छायाचित्र पाठवा, मी आमच्या सुताराला विचारून सांगतो.